थोडें बोलून घ्यावें

मद्रासच्या कडेला असलेल्या तांबरमहून समुद्र दिसत नाही. पण वैशाखातल्या भाजून काढणाऱ्या दुपारी, चार वाजायच्या सुमारास, तो वारा होऊन आमच्या घरापर्यंत येई. आईला त्याची चाहूल आधीच लागायची. ती पूर्वेची खिडकी उघडायची, अंबाडा सोडायची आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसायची. मग त्या ओलसर, किंचित खारट झुळका तिच्या पांढऱ्या, मोकळ्या केसांतून फिरू लागत आणि दिवसभर तापलेलं अंगण सड्याच्या पाण्यानं निवावं तसा तिचा चेहरा हळूहळू निवत जाई. त्या वेळी तिच्या मांडीवर माझी तान्ही लेक असायची. आई तिच्याशी बोलायची, आणि मी आतल्या खोलीत, घडी घालायला घेतलेलं दुपटं हातात तसंच धरून, ते ऐकत उभी राहायची. कारण ती बोलायची ते मराठी असे. आणि माझ्याशी आई मराठीत बोलली, त्याला तेव्हा पंचवीस वर्षं झाली होती.

हे जरा मागून सांगायला हवं.

माझी आई तंजावरची. तिचे पूर्वज कित्येक पिढ्यांपूर्वी महाराष्ट्र सोडून कावेरीकाठी गेले आणि जाताना नेलेली मराठी त्यांनी तिथे जपून ठेवली. बाहेर सगळं तमिळ: देवळातलं, बाजारातलं, शाळेतलं. उंबऱ्याच्या आत मात्र ती जुनी बोली, बंद पेटीतल्या रेशमासारखी, घडीवर विरत गेलेली आणि तरी रंग न सोडलेली. वडील सांगलीकडचे. नोकरीच्या निमित्तानं मद्रासला आले आणि संरक्षण खात्याच्या कारखान्यात कारकून झाले. कारखाना आवडी नावाच्या गावात होता, आणि आपल्याला नोकरी अगदी आवडीची मिळाली, हा विनोद त्यांनी निवृत्त होईपर्यंत सोडला नाही. लग्न जमलं तेव्हा त्यांनी घरी कळवलं ते एवढंच, की मुलगी मराठी आहे.

सांगलीच्या घरात आईनं पहिलं वाक्य उच्चारलं, तेव्हा माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, हातातलं काम थांबवून बघत राहिली म्हणे. मग हसून म्हणाली, "ही कुठल्या पोथीतली गं?" त्यात दुष्टावा नव्हता. आजी प्रेमळ बाई होती. नव्या सुनेला तिनं स्वतः शेजारी बसवून जेवू घातलं, आणि उडदाच्या पिठाचं दह्यातलं डांगर दोघींच्या घरी एकाच नावानं होतं हे कळल्यावर तिला केवढा तरी आनंद झाला. पण आई 'बस' न म्हणता 'बैस' म्हणायची, 'कुठे'ला 'कोठें', 'म्हणून'ला 'म्हणोन', आणि त्या सगळ्याला तमिळची ती झोका घेणारी चाल. ती बोलायला लागली की घरातली पोरं एकमेकांना कोपरानं ढोसत. आईच्या ते लक्षात आलं. सासरी जाईल तेव्हा ती कमी बोलू लागली, मग फक्त मान हलवू लागली. तिकडच्या लोकांच्या आठवणीत माझी आई एक अबोल बाई आहे. आवडीच्या वसाहतीत मात्र तिला सगळे अंबुजम मामी म्हणत, आणि अंबुजम मामीचं हसू चार घरांपलीकडे ऐकू जायचं.

घरात ती माझ्याशी तिच्याच मराठीत बोलायची. सकाळी वेणी घालताना, कण्हेरीच्या कुंपणापाशी सायकल शिकवताना, ताप आला की कपाळावर हात ठेवून. "जेविलीस की?" हा तिचा दिवसातून चार वेळा येणारा प्रश्न. मूल मोठं होतं तसं त्याला आपल्या घराकडे बाहेरून बघता येऊ लागतं, आणि ती नजर सुरुवातीला फार निर्दय असते. मला शाळेत तमिळ आणि इंग्रजी होतं, वडिलांकडून सांगलीची मराठी मिळाली होती, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत सांगलीला जाऊन आले की मला आईचं बोलणं चुकल्यासारखं वाटायचं.

मी अकरा वर्षांची होते. शहरात महाराष्ट्रातून आलेल्या लोकांचं एक मंडळ होतं, तिथल्या गणेशोत्सवात मुलांचे कार्यक्रम होत. मला नकला चांगल्या जमायच्या. त्या वर्षी मी भाजीवाला केला, शाळेचे मास्तर केले, आणि टाळ्या मिळताहेत असं पाहून, आधी ठरवलेलं नसताना, आईची नक्कल केली. पदर खोचला, मान एका बाजूला कलती केली आणि म्हटलं, "बैस गे, बैस. जेविलीस की? कोठें गेली होतीस? आम्हांस सांगोन जात जा." सभागृह फुटून हसलं. मी आणखी दोन वाक्यं म्हटली, आणखी हशा आला. तिसऱ्या रांगेत आई बसली होती. तिच्या तोंडावर पदर होता, त्यामुळे ती काय करत होती ते मला दिसलं नाही.

परतीच्या गाडीत तिनं मला जवळ बसवलं. माझ्या वेणीतला गजरा सुटला होता तो तिनं नीट माळला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला उठवताना ती तमिळमध्ये म्हणाली, एळुंदिरुडी, ऊठ गं. मला वाटलं, सहज. पण दुपारी शाळेतून आले तेव्हा "जेविलीस की?" नव्हतं, "साप्टियाडी?" होतं. त्या दिवसापासून आई माझ्याशी मराठीतून बोलली नाही.

तिनं अबोला धरला नव्हता, आणि हेच त्यातलं सगळ्यात अवघड होतं. माया तीच होती, हात तेच होते, रागावणंही तेच होतं. फक्त भाषा बदलली होती. मी मराठीत विचारायची, ती तमिळमध्ये उत्तर द्यायची. वडिलांना काही दिवस ते चमत्कारिक वाटलं, मग सवय झाली. माझ्या मैत्रिणींना तर तेच स्वाभाविक वाटे. मी मात्र मनात ठरवून टाकलं होतं की ही शिक्षा आहे. सुरुवातीला ती कधी संपेल याची वाट पाहिली. पुढे वाट पाहणंही मागे पडलं. शिक्षण झालं, बँकेत नोकरी लागली, राघवनशी लग्न झालं, वडील गेले. या सगळ्यात आई माझ्याशी जितकं बोलली तितकं तमिळमध्ये. वडील गेले त्या दिवशी मला जवळ घेऊन तिनं जे म्हटलं, तेही. क्षमा मागायचं माझ्या मनात अनेकदा आलं. पण वर्षं उलटत गेली की क्षमा मागायची वेळ निघून गेली असं वाटू लागतं, आणि मग माणूस त्याऐवजी साड्या घेतं, डॉक्टरकडे नेतं, औषधं वेळेवर देतं.

वैदेही जन्मली ती दोन हजार एक साली. माझी रजा संपत आली तशी आई आवडीचं भाड्याचं घर सोडून आमच्याकडे तांबरमला राहायला आली. राघवन ओरगडमच्या एका कारखान्यात होता. पहाटे कंपनीची बस त्याला न्यायची. मी नऊला निघायची. घरात दिवसभर आई आणि लेक. राघवन तमिळ, शेजारी तमिळ, आईचं माझ्याशी बोलणं तमिळ. मुलीला मराठी कितीशी येणार, असं मी गृहीतच धरलं होतं. आणि मग एका शनिवारी लवकर घरी आले, चप्पल काढता काढता मला तो आवाज ऐकू आला. खिडकीत वारा होता आणि आई सांगत होती, "पाहिलास, समुद्र आला. कोठोन आला? तुला पाहोन जावें म्हणोन आला."

मी दारातच थांबले. तो आवाज माझ्या आईचा होता आणि मला ओळखीचा होता, पण माझ्यासाठी नव्हता. मला दुःख झालं म्हणावं तर तसं नाही. जन्मगावावरून गाडी न थांबता जावी आणि खिडकीतून आपली शाळा, आपला पार ओळखीचा दिसत मागे सरावा, तसं काहीतरी झालं. मी पाऊल वाजवलं तेव्हा आईनं वर पाहिलं आणि सहज तमिळमध्ये विचारलं, आज लवकर कशी?

त्यानंतरची सहा वर्षं मी माझ्या घरात चोरून ऐकत राहिले. वैदेही त्या भाषेत रांगली, चालली, पडली, रडली. तिला पहिला घास, पहिला काऊ, पहिली पौर्णिमा त्या भाषेत दाखवली गेली. आईनं तिच्यासाठी एक खार रचली होती. ती चिंचेच्या झाडावर राहायची आणि चिंच आंबट लागते म्हणून रोज नवी तक्रार घेऊन देवाकडे जायची. गोष्ट कधीच संपत नसे, कारण तक्रारी संपत नसत. आणि आईचं ते मोठं हसू, जे मला वाटलं होतं वडिलांबरोबर गेलं, दुपारच्या त्या खोलीत पुन्हा ऐकू येऊ लागलं. मी मुलीशी सांगलीची मराठी बोलायची. ती मला माझ्या मराठीत उत्तर द्यायचा प्रयत्न करायची आणि मध्येच "आई, बैस ना" म्हणून जायची.

दोन हजार सातच्या श्रावणात मंडळाकडून विचारणा आली की तुमची मुलगी गोष्ट सांगेल का. वैदेही लगेच तयार. मी तिला समोर बसवलं आणि खारीची गोष्ट सांगायला लावली, आणि दुसऱ्याच वाक्याला तिला थांबवलं. तेच शब्द, तीच चाल. सभागृहातला तो हशा तीस वर्षं ओलांडून माझ्या कानात आला. या वेळी हसणारे माझ्या मुलीला हसणार होते. मी म्हटलं, "कोठें नाही बाळा, कुठे. बैसली नाही, बसली. म्हणून म्हण, म्हणोन नाही." वैदेही निमूटपणे सुधारून म्हणू लागली. आठवडाभर रोज संध्याकाळी आमची ही तालीम चालली. स्वयंपाकघरात आई ताक घुसळत असायची. रवीचा आवाज मध्येच थांबायचा आणि पुन्हा सुरू व्हायचा, याच्याकडे मी लक्ष दिलं नाही.

मग एका सकाळी बँकेत जायची तयारी करताना मी ऐकलं: आई वैदेहीला शाळेसाठी उठवत होती. एळुंदिरु, कण्णा. ऊठ, बाळा. तमिळमध्ये.

संध्याकाळी वैदेही माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाली, "आज्जी रुसली की? आम्हांशी बोलत नाही." मी म्हटलं, बोलते आहे की. ती म्हणाली, "तसें नाही." सहा वर्षांच्या मुलीला जे नेमकं सांगता येत नव्हतं, ते मला तिच्यापेक्षा जास्त कळत होतं. त्या रात्रभर एकच विचार मनात राहिला, की रुसण्यासारखं वैदेहीनं केलं काय होतं? तिनं नक्कल केली नव्हती, कुणाला हसवलं नव्हतं. मग ही शिक्षा कसली? आणि ती शिक्षा नसेल, तर माझीही नव्हती की काय?

दुसऱ्या दिवशी मी अर्धी रजा घेऊन दुपारी घरी आले. वैदेही शाळेत होती. आई खिडकीपाशी होती, केस मोकळे, समोर ताटात निवडायला घेतलेली मेथी. मी तिच्यासमोर जमिनीवर बसले आणि मुलीशी तमिळ का बोलतेस ते विचारलं. तिनं मान वर न करता तमिळमध्ये काहीतरी सांगितलं, कार्यक्रम जवळ आलाय, तिचा गोंधळ नको व्हायला, असं. मी म्हटलं, "आई, मराठीत सांग."

मेथीची जुडी तिच्या हातात राहिली. खाली रस्त्यावरून एक भाजीची गाडी ओरडत गेली.

मग ती म्हणाली, "तिचें बिघडूं नये म्हणोन."

मी अकरा वर्षांची होते तेव्हाही यासाठीच का, हा प्रश्न मला पुरता विचारताही आला नाही. तिनं तो ऐकला. म्हणाली, "त्या दिवशीं तूं नक्कल केलीस ती हुबेहूब केलीस. मीसुद्धा हसलें. पण मग वाटलें, माझें बोलणें हिच्या कानांत इतकें बैसलें आहे, तें उद्यां हिच्या तोंडीं येईल. मला हसले तसे सांगलीस हिला हसतील. म्हणोन सोडिलें."

तिनं ते ज्या सुरात सांगितलं तो सूर मी विसरू शकत नाही. दुधावरची साय बाजूला काढून ठेवावी आणि विचारलं तर सांगावं, तुझ्यासाठीच ठेवली होती, तसा. तीस वर्षं मी ज्याला शिक्षा समजत आले, ते तिनं आपल्या पदरचं काढून दिलेलं होतं. आणि देताना हे देणं आहे असंही म्हटलं नव्हतं. मी क्षमा मागितली. कशाची, ते मला नीट सांगता येईना. नकलेची, की न विचारण्याची. तिनं माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. तिच्या बोटांना मेथीचा वास होता.

"मग वैदेहीशी का बोललीस?" मी विचारलं.

ती थोडी लाजली. चोरी सापडलेल्या मुलीसारखी. म्हणाली, "ती लहान आहे तोंवर मला थोडें बोलून घ्यावें, असें वाटलें. मोठी झाली कीं सोडणारच होतें."

पुढे कधीतरी मला वाटून गेलं की तिनं सांगितलं ते सगळं खरं असेलच असं नाही. पदराआड ती खरोखर हसली होती का, हे मला कधीच कळणार नाही. कदाचित तिला लागलं असेल, खोल लागलं असेल, आणि ते लागणं तिनं आयुष्यभर उगाळत उगाळत त्याचं गंध करून टाकलं असेल. तेही तिच्या स्वभावात बसणारं होतं.

त्या संध्याकाळी तालीम झाली नाही. मी वैदेहीला सांगितलं, गोष्ट आज्जीची आहे, आज्जी सांगते तशीच सांग. तिनं एकदा माझ्याकडे आणि एकदा आजीकडे पाहिलं. आई म्हणाली, "बैस. पहिल्यापासोन सांग." आणि वैदेहीनं इतका मोठा श्वास सोडला, की आम्ही दोघीही हसलो.

कार्यक्रमाला राघवनही रजा काढून आला. खारीची पहिली तक्रार सांगून झाली आणि सभागृहात, मला वाटलं होतं तसंच, हसू उमटलं. मागच्या रांगेतून कुणीतरी तिचा एक शब्द पुन्हा म्हटला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला. पण वैदेहीला वाटलं, लोक खारीला हसताहेत. तिला फार आनंद झाला. ती थांबली, सगळ्यांना पोटभर हसू दिलं, आणि मग दुसरी तक्रार आणखी रंगवून सांगितली. तिसऱ्या तक्रारीपर्यंत लोक खरोखरच खारीला हसू लागले होते. मी शेजारी पाहिलं. आईनं तोंडावर पदर घेतला नव्हता.

त्यानंतर आम्हांला दोन वर्षं मिळाली. आई माझ्याशी लगेच सरसकट मराठी बोलू लागली असं मात्र झालं नाही. तीस वर्षांचं वळण जिभेवरून सहज जात नाही. बाजार, गॅस, आजारपण हे विषय तमिळमध्येच राहिले. पण दुपारी वारा सुटला, आणि बोलणं तंजावरच्या तिच्या माहेराकडे वळलं, की नकळत भाषा बदलायची. त्या दोन वर्षांत मला माझी आई नव्यानं भेटली. ती विनोदी होती. ती थोडी आगाऊ होती. तिला लहानपणी नाटकात काम करायचं होतं आणि तिच्या वडिलांनी नको म्हटलं होतं. हे तिनं मला सांगितलं तेव्हा माझी ती नक्कल तिला हुबेहूब का वाटली असेल, याचा एक निराळाच अर्थ माझ्या मनात उजळला.

दोन हजार नऊच्या मार्गशीर्षात तिचं हृदय थकलं. सकाळची कोवळी उन्हं आली होती, दारोदारी पिठाच्या रांगोळ्या होत्या, कुठूनतरी देवळातलं नादस्वरम ऐकू येत होतं. मी तिच्या उशाशी होते. तिनं डोळे उघडून विचारलं, "जेविलीस की?" मी हो म्हटलं. ते खोटं होतं, आणि तिला बहुधा ते कळलं. वैदेही शाळेत जायला निघाली होती, ती आत येऊन म्हणाली, "आज्जी, येतें." आई म्हणाली, "ये." थोड्या वेळानं तिचा श्वास संथ होत होत थांबला, फार गाजावाजा न करता, ती खोलीतून उठून जायची तसाच.

वैदेही आता ती भाषा बोलते, पण कुणाशी बोलणार? माझ्याशी बोलते. मी तिला त्याच भाषेत उत्तर द्यायला जाते आणि जीभ अडखळते. शब्द ठाऊक असतात, चाल ठाऊक असते, तरी माझ्या तोंडून आलं की ते सोंग वाटतं. आईची मराठी मी आयुष्यात एकदाच अचूक बोलले होते, आणि तीही लोकांना हसवण्यासाठी. म्हणून मी माझ्या भाषेत बोलते, लेक तिच्या आजीच्या भाषेत बोलते, आणि आमच्या दोघींच्या वाक्यांमध्ये एका तिसऱ्या आवाजाइतकी जागा उरते. ती भरायचा प्रयत्न मी सोडून दिला आहे. काळ पुढे जात राहतो, घरात नवी बोलणी येत राहतात. आणि जिथे आई बोलली असती, तिथे मी अजून क्षणभर थांबते.